चौथ्या नंबरचा कूलर

नवेगाव बांधच्या ज्युनियर कॉलेजात मी एकवीस वर्षं गणित शिकवलं. संभाव्यतेचा धडा आला की पत्त्यांची गणितं आलीच: बावन्न पत्त्यांच्या कॅटमधून दोन पत्ते काढले, तर दोन्ही राजे असण्याची शक्यता किती? हे गणित मी फळ्यावर इतक्यांदा सोडवलं होतं की पत्त्यांच्या बाबतीत आपल्याला कुणी काही शिकवावं असं उरलेलंच नाही, अशी माझी खात्री झाली होती. प्रत्यक्ष कॅट मात्र मी दिवाळीतच हातात धरायचो, आणि तेव्हाही बहुतेक हरायचो. त्याचं खापर मी खेळावर फोडायचो. तीन पत्ती हा अडाण्यांचा खेळ, रमी रिकामटेकड्यांचा. माझ्या बुद्धीच्या तोलाचा खेळ गावात यायचा होता, एवढंच.

तो दोन हजार नऊच्या दिवाळीत आला. आमच्या गावातल्या मेडिकलवाल्याचा जावई हैदराबादला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. सणाला सासुरवाडीत येऊन कंटाळलेल्या त्या माणसानं दुकानामागच्या खोलीत आम्हाला पोकर शिकवला. प्रत्येकाला दोन पत्ते लपवून द्यायचे. मधे पाच पत्ते सगळ्यांसाठी थोडे थोडे उघडत जायचे. आपले दोन आणि मधले पाच मिळून ज्याची जुळणी भारी, तो जिंकला. पत्ते उघडत जातात तसतसा डाव वाढवायचा, नाही झेपलं तर पॅक म्हणून पत्ते टाकून द्यायचे. मला हे ऐकतानाच भरून आलं. हा तर माझा धडाच होता.

जावई गेला आणि खेळ राहिला. दर रविवारी दुपारी आम्ही चौघं बसायचो. मेडिकलवाला, पाटबंधारे खात्यातला कालवा निरीक्षक, मी आणि एक वनरक्षक. वनरक्षकाला आमच्याकडे नाकेदार म्हणतात, आम्हीही त्याला नाकेदारच म्हणायचो. पैसे लावायचे नाहीत असं माझ्या आग्रहावरून ठरलं होतं. मास्तरानं पैसे लावले तर गावात काय राहिलं. म्हणून चिंचोका म्हणजे एक, टेंभराची बी म्हणजे दहा आणि मुदत संपलेल्या गोळ्यांची एक पट्टी म्हणजे शंभर. सव्वा वर्षात माझ्याकडे इतक्या पट्ट्या साठल्या की बायकोनं एकदा घाबरून विचारलं, मला नेमकं काय झालंय.

मी जिंकायचो, कारण बाकीचे तिघे माझ्याकडूनच शिकले होते. मी खेळता खेळता शिकवायचो. कोणता पत्ता येण्याची शक्यता किती, कुणी काय टाकायला हवं होतं आणि का. कालवा निरीक्षक वैतागायचा. मेडिकलवाला मधेच गिऱ्हाईक आल्याचं निमित्त करून उठायचा. ऐकून घ्यायचा तो नाकेदार. तो माझ्याच वयाचा, सडपातळ, कमी बोलणारा. खेळायचाही कमीच. दहातले नऊ डाव पॅक. मी त्याला विचारलं, असं घाबरून का खेळता?

"पाणवठ्यावर बसतो तसा बसतो सर," तो म्हणाला. "जनावर आलं त ठीक, नाई आलं त नाई आलं."

मी त्याला समजावलं की हे काही पोकरचं तत्त्व नव्हे. त्यानं मान हलवली आणि पुढचा डाव पॅक केला.

दोन हजार अकराच्या मार्चमध्ये मेडिकलवाला बातमी घेऊन आला. गोंदियाच्या एका राईस मिलवाल्याच्या धाकट्या मुलानं नवीन हॉटेल बांधलं होतं आणि त्याला पोकरचा नाद होता. हॉटेलच्या उद्घाटनाला त्यानं एका रविवारी स्पर्धा ठेवली होती. प्रवेश फुकट, चाळीस जण, आणि तीन पेशेवर खेळाडू बाहेरून येणार होते, ज्यांचं पोटच या खेळावर चालतं. एक कोलकात्याचा, एक गोव्याचा, एक इंदूरहून. मेडिकलवाल्याची त्या घराशी औषधांच्या धंद्यातली ओळख होती, त्यानं आमची चार नावं लिहून दिली. बक्षिसं चार. पहिलं मोटरसायकल, दुसरं फ्रिज, तिसरं टीव्ही, चौथं कूलर.

नाकेदारानं एकच प्रश्न विचारला. "चौथा नंबर यावाले का करा लागते?"

त्याच्या सरकारी क्वार्टरवर टिनं होती. एप्रिल-मे मध्ये तो आणि त्याची बायको दुपारभर आंब्याखाली बसून काढायचे. मला हे माहीत होतं. तरीही मी त्याला सांगितलं की स्पर्धेत उतरणारा माणूस पहिल्या नंबरासाठी उतरतो, चौथ्यासाठी कुणी उतरत नाही. तो म्हणाला, "मले कूलर भेटला त बस झालं."

तयारी म्हणून मी दोन गोष्टी केल्या. एक, सगळ्या जोड्यांच्या शक्यतांचा तक्ता करून पाठ केला. दुसरी सांगायला लाज वाटते. टीव्हीवर मी पोकरवाल्यांना काळे चष्मे घातलेले पाहिले होते, डोळ्यांतलं समोरच्याला दिसू नये म्हणून. माझ्याकडे तसा चष्मा नव्हता. वडिलांना मोतीबिंदूच्या शिबिरात मिळालेला काळा चष्मा घरात होता, दोन्ही बाजूंनी झाकलेला, तो मी खिशात घातला.

पहाटेच्या एसटीनं आम्ही निघालो आणि कोहमाऱ्यावरून साडेनवाला गोंदियाला पोचलो. हॉटेलचा हॉल एसी होता, पाच हिरवी टेबलं मांडली होती. प्रत्येकाला सारख्याच चिप्स मिळाल्या, म्हणजे आमच्या चिंचोक्यांच्या जागी प्लास्टिकच्या चकत्या; त्या संपल्या की माणूस बाद. माझ्या टेबलावर आठ जण. मी चष्मा लावून बसलो तेवढ्यात यजमान स्वतः आला, वाकून नमस्कार केला आणि काळजीनं म्हणाला, "सर, ऑपरेशन कब हुआ? कौनसी आँख का?" मी म्हणालो, दोन्ही. आता काढायचीही सोय राहिली नाही. दिवसभर लोक मला हात धरून पायरी उतरवत होते.

माझ्या उजव्या हाताला तिशीतली एक बाई बसली होती. सुती कुर्ता, केसांना साधा रबर, सोबत चहाचा थर्मास. मला वाटलं, यजमानाच्या नात्यातली असेल, एक जागा भरायला बसवली असेल. मी तिला धीर दिला. खेळ तसा सोपा आहे, घाबरू नका, काही अडलं तर मला विचारा, असं मी माझ्या हिंदीत सांगितलं. तिनं धन्यवाद म्हटलं. वीसेक मिनिटांनी शेजारच्या कापड दुकानदारानं माझ्या कानात सांगितलं की इंदूरची पेशेवर ती हीच.

त्यानंतर थोड्याच वेळात मला दोन राजे आले. दोन्ही राजे येण्याची शक्यता दोनशे एकवीसात एक, हे मी झोपेतही सांगितलं असतं. मी डाव वाढवला. बाकीचे पॅक, ती बाई राहिली. मधे तीन पत्ते उघडले आणि त्यात एक एक्का. तिनं शांतपणे चिप्स पुढे केल्या.

मी टेबलाला समजावून सांगू लागलो. बाईंनी आधीही डाव सोडला नाही, एक्का दिसताच वाढवला, म्हणजे त्यांच्याकडे एक्का असण्याची शक्यता किती होते, तर अमुक. अशा वेळी शहाणा माणूस दोन राजेसुद्धा टाकतो. आणि मी ते टाकले. नुसते टाकले नाहीत, उलटून सगळ्यांना दाखवले, म्हणजे माझा संयम लोकांना दिसावा. दुकानदार "वा सर" म्हणाला. बाईनं आपले पत्ते न दाखवता परत दिले, पण देताना एक कोपरा वर झाला आणि दुकानदाराला दिसलं ते त्यानं मला सांगितलं. सत्ती आणि चव्वी होती. एक्का नव्हता, जोडी नव्हती, काहीच नव्हतं.

पुढच्या डावांत मी तक्ता विसरलो आणि फक्त तिच्याकडे बघत बसलो. मला नव्वांची जोडी आली आणि तिनं डाव वाढवला, तेव्हा मी मनात म्हटलं, आता नाही फसणार. माझ्याजवळच्या सगळ्या चिप्स ढकलल्या. तिनं दोन राण्या दाखवल्या. मधल्या पाच पत्त्यांनी मला काही मदत केली नाही. चाळीस माणसांत माझा नंबर चौतिसावा आला. कालवा निरीक्षक आणि मेडिकलवाला माझ्या आधीच गेले होते आणि बाहेर समोसे खात होते. माझं बघून त्यांना जो आनंद झाला तो त्यांनी लपवला नाही.

जेवणाच्या सुट्टीत मी त्या बाईजवळ गेलो. मला कसं ओळखलंत, हे विचारायचं होतं. मनात चष्म्याबद्दल शंका होती. तिनं थर्मासमधला चहा मलाही दिला आणि म्हणाली, "सर, आप पूरा टाइम पढ़ाते रहते हैं. अच्छा पत्ता आते ही चुप हो जाते हैं. एक्का खुला तो आप फिर पढ़ाने लगे."

ती बीकॉम होती, आठ वर्षं हेच करत होती, रोज सात-आठ तास. घरी आई होती. मी म्हणालो, आम्हीही दर रविवारी खेळतो. ती हसली नाही, त्याबद्दल मी तिचा अजूनही आभारी आहे. ती म्हणाली, रविवारी तिची सुट्टी असते, आज कामावर आली आहे.

दुपारी टेबलं कमी होत गेली. पाचाची तीन, तिनाची दोन, शेवटी एक. आणि त्या एका टेबलावर नाकेदार बसला होता. आम्हा तिघांना विश्वास बसेना. तो काय खेळला विचाराल, तर काही नाही. डाव आला की पत्ते बघायचे आणि पॅक. तासातून एखादा डाव धरायचा आणि तो धरला की मोठी माणसंही बाजूला व्हायची, कारण याच्याकडे खरंच काहीतरी असणार हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. इंदूरच्या बाईनं दोनदा त्याच्यावर जोर टाकून पाहिला. तो तिच्याकडे न बघता पत्ते ठेवून द्यायचा. गोव्याचा पेशेवर त्याच्याच टेबलावर चिडून सगळं हरला आणि निघून गेला.

साडेचारला चहाची सुट्टी झाली तेव्हा सहा जण उरले होते. कोलकात्याच्या आणि इंदूरच्या पेशेवरांकडे चिप्सचे डोंगर. तिसरा तिरोड्याचा एक ठेकेदार, त्याचंही बरं चाललेलं. मग नाकेदार. आणि त्याच्याहून कमी चिप्स असलेले दोघं, त्यातल्या आमगावच्या मोबाईल दुकानदाराकडे तर मूठभरच उरल्या होत्या.

आम्ही बाहेर पायऱ्यांवर उभे होतो. नाकेदार म्हणाला, "ते दोघं जातीन, मंग मी चौथा. आता मी खेळतच नाई."

हिशोब अगदी बरोबर होता. माझ्या सगळ्या तक्त्यांत इतका बरोबर हिशोब नव्हता. तिथेच मी गप्प राहिलो असतो तर ही हकिकत वेगळी झाली असती. पण सकाळी बाद झाल्यापासून मी गप्प होतो, हरलेला होतो आणि मोतीबिंदूचा पेशंट होतो. माझा विद्यार्थी शेवटच्या टेबलावर होता. त्यानं त्या बाईला हरवावं असं मला इतकं वाटत होतं की कूलर मला दिसेचना.

मी म्हणालो, "नाकेदार, कूलर काय घेऊन बसलात? इथवर आलात, मोटरसायकल हाताशी आहे."

"मोटरसायकल घेऊन का करू? पेट्रोल कोन टाकन?"

मी म्हणालो, विकता येईल, त्यात चार कूलर येतील. तो थोडा विचारात पडला. मग मी त्याला गणित सांगितलं. असं पॅक करत बसलात तर प्रत्येक फेरीला आळीपाळीनं सक्तीनं लावाव्या लागणाऱ्या थोड्या थोड्या चिप्स जातातच, शेवटी काही उरत नाही. म्हणून एक भारी पत्ता आला की सगळं लावायचं. एक्का-राजा आला तर डोळे मिटून लावा. समजलं? मेडिकलवाला मधे म्हणाला की त्याला त्याच्या मनानं खेळू द्या. मी त्याला म्हणालो, तुला यातलं काय कळतं.

नाकेदारानं विचारलं, "पक्कं ना सर?"

"गणित आहे ते," मी म्हणालो.

सुट्टीनंतरच्या चौथ्या डावाला त्यानं पत्ते उचलून पाहिले आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं. दिवसभरात पहिल्यांदाच. बघणाऱ्यांनी बोलायचं नाही असा नियम होता. मी बोललो नाही. मी फक्त मान हलवली, आणि तीही काळ्या चष्म्याआडून, जणू त्यामुळे कुणाला दिसणार नव्हती. त्यानं सगळ्या चिप्स दोन्ही हातांनी गोळा करून पुढे सरकवल्या.

इंदूरची बाई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं तेवढ्याच चिप्स मोजून पुढे केल्या. त्याचे पत्ते एक्का-राजा. तिचे दोन गुलाम. मधले पाच पत्ते उघडले. दुर्री, अठ्ठी, अठ्ठी, पंजी, दश्शी. एक्का नाही, राजा नाही.

नाकेदार उठला, खुर्ची नीट आत सरकवली आणि टेबलावरच्या सगळ्यांना हात जोडून बाहेर आला. सहावा नंबर. पुढच्या वीस मिनिटांत त्या कमी चिप्सवाल्यांपैकी एक गेला आणि त्यामागोमाग मोबाईल दुकानदार गेला, पण त्याचा नंबर चौथा लागला. यजमानानं त्याच्या गळ्यात हार घातला. कूलर हॉलच्या दारात उभाच होता, गवताच्या नव्या जाळ्या लावलेला.

मोटरसायकल शेवटी कोलकात्याच्या माणसाला मिळाली. ती बाई दुसरी आली. निघताना तिनं मला गाठलं आणि हळूच विचारलं, "उनको किसने बोला था लगाने को? वो तो कूलर ले चुके थे."

मी म्हणालो, "पता नहीं."

एसटीत आम्ही चौघं मागच्या बाकावर होतो. वाटेतलं गोरेगाव मागे पडलं. मग मला राहवलं नाही आणि मी नाकेदाराला समजावू लागलो की एक्का-राजा विरुद्ध दोन गुलाम म्हणजे जवळजवळ निम्मं निम्मं असतं, थोडंसं समोरच्याच्या बाजूला, त्यामुळे निर्णय चुकीचा नव्हता, फक्त निकाल उलटा आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग खिडकीला डोकं टेकवून झोपला, किंवा झोपल्यासारखा राहिला. मेडिकलवाल्यानं मला हातानं खूण केली की आता पुरे.

गावात हकिकत पसरायला वेळ लागला नाही. चहाच्या टपरीवर लोकांनी नाकेदाराला घेरून विचारलं तेव्हा मी तिथेच बाकावर होतो. कुणीतरी म्हणालं, एवढा बसला होता, मग काऊन लावलं गा सगळं? तो म्हणाला, "चांगला पत्ता होता. लावून देल्लं." कालवा निरीक्षकानं माझ्याकडे पाहिलं. मी चहा पीत राहिलो. पेला रिकामा झाल्यावरही काही वेळ पीत राहिलो.

पुढच्या रविवारी तो नेहमीसारखा खेळायला आला आणि नेहमीसारखे पॅक करत बसला. मी मात्र त्या दिवसापासून शिकवायचं बंद केलं. त्यामुळे मी सतत गप्प असायचो, आणि मेडिकलवाल्याचं म्हणणं की त्यामुळेच मी थोडा बरा खेळू लागलो.

मे महिन्यात एके दिवशी दुपारी मी सायकल काढून त्याच्या क्वार्टरवर गेलो. घरून निघताना कारण ठरवलं होतं, की एका विद्यार्थ्याला जंगल खात्याच्या भरतीची माहिती हवी आहे. तो आणि त्याची बायको आंब्याखाली बसले होते, ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन. तिनं मला पाणी दिलं. भरतीचं बोलणं दोन मिनिटांत संपलं. मग मी म्हणालो, "नाकेदार, त्या बाईनं मला विचारलं होतं, तुम्हाला कुणी सांगितलं म्हणून. मी पता नहीं म्हणालो."

तो जमिनीवर काडीनं रेघा ओढत होता. म्हणाला, "मले बी विचारलं होतं तिनं. मी बी तेच सांगतलं."

तेवढ्यात त्याचा वायरलेस खरखरला. तलावापलीकडच्या जंगलात कुठेतरी धूर दिसत होता. त्यानं चप्पल घातली, कुऱ्हाड घेतली, "बसा सर, आलोच," म्हणून सायकलवर टांग टाकली आणि निघून गेला.

त्याची बायको चुलीवर भात ठेवून पुन्हा आंब्याखाली येऊन बसली. थोड्या वेळानं तिनं सहज विचारलं, "सर, तो एक्का-राजा खरंच एवढा मोठा राहाते का?"

मला एवढंच पुरेसं होतं. मी खडे गोळा केले, जमिनीवर पाच चौकोन आखले आणि तिला सुरुवातीपासून सांगू लागलो, बावन्न पत्ते, त्यात चार एक्के, चार राजे. ती मान हलवत होती. भाताचं पाणी उतू जाऊन चूल फसफसली आणि ती उठून गेली, तेव्हा कुठे मी थांबलो.